क्लस्टर टाकता येत नाही, उभं करावं लागतं

दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, लगबग असते. रेच्यांची साफसफाई होते, काट्याची तपासणी होते, मुहूर्ताला नारळ फुटतो आणि कापसाच्या पहिल्या गाड्या फाटकातून आत येतात. तीन हंगामांपूर्वी याच दिवसांत एका जिनिंगच्या मुनीमजींचा फोन आला.

"भाऊ, हापिसात तीन मशिनी रिकाम्या पडल्या आहेत. त्याईच्यावर ते कुबरनेटीस टाकून द्या ना. पोरगा म्हणते का त्याच्यानं काटा बंदच पडत नाही."

आदल्या वर्षी त्यांचा काट्याचा कॉम्प्युटर भर हंगामात बसला होता. वजनाची पावती निघेना, गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली आणि शेतकऱ्यांनी मुनीमजींचा उद्धार केला. तेव्हा मागणी रास्तच होती. मला खटकला तो 'टाकून द्या' हा शब्द. आपण मराठीत विंडोज टाकतो, टॅली टाकतो, अँटीव्हायरस टाकतो. सीडी असो की पेन ड्राइव्ह, घातलं, 'नेक्स्ट नेक्स्ट' केलं, झालं. क्लस्टरचं, म्हणजे एकजुटीनं काम करणाऱ्या मशिनींच्या गटाचं, तसं होत नाही. तो मांडवासारखा प्रकार आहे. जागा बघावी लागते, खांब रोवावे लागतात, दोर ताणावे लागतात, आणि वारा सुटल्यावर कोण धावेल तेही आधीच ठरवावं लागतं.

त्या फोनवर मी मुनीमजींना जे सांगायला हवं होतं आणि घाईत सांगितलं नाही, ते इथे लिहितो आहे.

आधी कंटेनर. एखादं सॉफ्टवेअर चालायला नुसती त्याची फाईल पुरत नाही. त्याला ठरावीक आवृत्तीचं पायथन लागतं, अमुक लायब्ररी लागते, तमुक सेटिंग लागतं. एका मशीनवर गुण्यागोविंदानं चालणारं सॉफ्टवेअर दुसरीवर नेलं की रुसतं. कंटेनर म्हणजे त्या सॉफ्टवेअरचं बांधलेलं बिऱ्हाड, विंचवासारखं पाठीवर घेतलेलं. जिथे जाईल तिथे पथारी पसरतं आणि कामाला लागतं. घर मात्र त्याचं स्वतःचं नसतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तो त्या मशीनचाच वापरतो, म्हणून कंटेनर व्हर्च्युअल मशीनपेक्षा, म्हणजे मशीनच्या आत सोंग घेतलेल्या अख्ख्या दुसऱ्या मशीनपेक्षा, बराच हलका. एका छताखाली बरीच बिऱ्हाडं राहतात, प्रत्येकाची खोली वेगळी, आणि कोणाला किती मेमरी, किती प्रोसेसर हे वाटून दिलेलं. ही वाटणी सांभाळणारी सीग्रुप्स नावाची सोय लिनक्समध्ये २००८ साली आली. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि बिऱ्हाड बांधणं चार ओळींचं काम झालं.

बिऱ्हाडं पाच-सहा असतील तर हातानं सांभाळता येतात. पन्नास झाली की मुकादम लागतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमालक एकेका बाईच्या दारात जात नाही. तो मुकादमाला सांगतो, "उद्या आठ बाया पाह्यजे." मग कोण आली, कोणाच्या लेकराला ताप आला, तिच्या जागी कोणाला आणायचं, ही डोकेदुखी मुकादमाची. शेतात मोजले तर आठ असले पाहिजेत, बस. कुबरनेटीसचा आत्मा एवढाच आहे. तुम्ही लिहून देता: 'पावतीच्या सॉफ्टवेअरच्या दोन प्रती सतत चालू असाव्यात.' तो मोजत राहतो. एक पडली की दुसरी उभी करतो. तुम्ही 'असं कर, मग तसं कर' म्हणत नाही, 'असं असलं पाहिजे' एवढंच म्हणता. गूगलनं आतल्या वापरासाठी बोर्ग नावाची अशीच व्यवस्था केली होती. त्या अनुभवावर कुबरनेटीस बेतलं, २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. नाव ग्रीक आहे, अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून मी मुकादमच म्हणतो.

या मुकादमाची एक हजेरीवही असते, तिचं नाव इटीसीडी. काय असायला हवं आणि आत्ता काय आहे, सगळं तिच्यात. ती वही थेट कोणी उघडत नाही. एपीआय सर्व्हर नावाच्या एकाच खिडकीतून सगळे व्यवहार होतात. कोणतं बिऱ्हाड कोणत्या मशीनवर पाठवायचं हे शेड्युलर ठरवतो, आणि मोजदाद करणारा कंट्रोलर मॅनेजर वेगळा. या चौघांना मिळून कंट्रोल प्लेन म्हणतात. कामाच्या प्रत्येक मशीनवर क्युबलेट नावाचा एक माणूस बसवलेला असतो, तो वरून आलेलं काम करवून घेतो आणि 'मी जिवंत आहे' असं सतत कळवत राहतो.

इथपर्यंतचं इंटरनेटवर कुठेही सापडतं. अडतं ते पुढे. ही मंडळी बसवायची कुठे, कशी, आणि त्यांच्या जेवणखाणाची व्यवस्था कोणी बघायची? क्लस्टरची उभारणी म्हणजे हे काम. ते स्वतःच्या जागेतल्या सर्व्हरवर करायचं ठरवलं तर प्रत्येक गोष्ट तुमच्या गळ्यात असते. क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या दूरच्या सर्व्हरवर, केलं तर बरीचशी भाड्यानं मिळते, आणि भाड्याचं मीटर रात्रीही फिरतं.

स्वतःच्या जागेपासून सुरू करू, कारण शिकायला तीच शाळा चांगली.

तीन मशिनी म्हटल्यावर मुनीमजींचा पहिला प्रश्न होता, "दोनवर भागत नाही काय? एक पोराले घरी देतो." भागत नाही, आणि त्यामागे पंचायतीसारखं कारण आहे. हजेरीवहीची एकच प्रत ठेवली आणि ती मशीन जळली तर मुकादमाला काही आठवत नाही. म्हणून वहीच्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवतात, आणि कोणतीही नोंद बहुमतानं होते. तिघांत बहुमत दोघांचं, म्हणजे एक मेला तरी कारभार चालतो. दोघांत बहुमत दोघांचंच. एक गेला की दुसरा गप्प बसतो, कारण समोरचा मेला की नुसती मधली वायर तुटली हे त्याला कळायला मार्ग नाही. दोन्हीकडे दोघांनी वेगवेगळ्या नोंदी केल्या तर गोंधळ, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. म्हणजे दोन मशिनींचा कंट्रोल प्लेन एका मशीनपेक्षाही कच्चा, कारण आता दोघांपैकी कोणीही मेलं तरी काम थांबतं. चारांतही एकच गमावता येतो, पाचांत दोन. म्हणून तीन, नाहीतर पाच.

पण तीन मशिनी एकाच इन्व्हर्टरवर असतील तर त्या तीन नाहीतच, एकच आहे. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते आणि आमच्या भागात रोज संध्याकाळी येते. वीज, स्विच, खोली, यांपैकी जे जे सामाईक, ते ते सगळ्यांना एकदम घेऊन बुडतं. मुनीमजींना मी तिन्ही मशिनींना वेगवेगळे यूपीएस घ्यायला लावले. नेटवर्कचा स्विच मात्र एकच राहिला. तो पडला तर सगळं पडेल हे माहीत असून राहिला, कारण दुसरा स्विच आणि दुहेरी वायरिंग म्हटल्यावर शेठजी उठून चहा सांगायला गेले.

खोलीचंही बघावं लागतं. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि पंखा असलेल्या प्रत्येक यंत्रात जाऊन बसतात. प्रोसेसरवरच्या पंख्यात त्यांची गादी तयार होते, मशीन तापते, आपोआप बंद पडते, आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देतो. त्यावर उपाय म्हणून एका ठिकाणी खोलीत कूलर लावलेला पाहिला, वाळ्याच्या ताट्या घातलेला. माणसाला सुखाचं, सर्व्हरला नाही. ती दमट हवा सर्किटवर बसते. खिडक्या बंद, दाराला रबराची पट्टी, छोटा एसी आणि आठवड्यातून एकदा ब्लोअर, एवढं तरी करावं लागतं.

मग मशीनची तयारी. इथल्या खोड्या बारीक आहेत आणि दिवस खातात. स्वॅप, म्हणजे मेमरी भरली की डिस्कचा तुकडा मेमरीसारखा वापरण्याची लिनक्सची सवय, बंद करावी लागते. नाहीतर क्युबलेट नेहमीच्या मांडणीत सुरूच होत नाही. कंट्रोल प्लेनच्या मशीनला किमान दोन प्रोसेसर आणि दोन जीबी मेमरी लागते, पण ती किमान म्हणजे उपाशी न मरण्यापुरती. डिस्क एसएसडीच हवी. हजेरीवही प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे जात नाही, जुन्या फिरत्या डिस्कवर तिला धाप लागते, आणि आपली म्होरकी प्रत मेली असं समजून वहीच्या बाकीच्या प्रती पुन्हा पुन्हा निवडणूक घेत बसतात. एका मशीनची हुबेहूब नक्कल करून बाकीच्या तयार केल्या असतील तर त्यांचे ओळख क्रमांकही सारखेच येतात, आणि मुकादमाला तीन वेगळे लोक दिसत नाहीत. शिवाय अजूनही कोणी तरी सांगतं, 'आधी डॉकर टाका.' मे २०२२ मध्ये आलेल्या १.२४ आवृत्तीपासून कुबरनेटीसमधला डॉकरशी जोडणारा दुवा काढून टाकला आहे. त्याऐवजी कंटेनरडी वापरतात. डॉकरनं बांधलेली बिऱ्हाडं मात्र तशीच चालतात, त्याची काळजी नको.

घड्याळाचं तर मी शपथेवर सांगेन. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो. लाईट गेली, यूपीएस रिकामा झाला, मशीन पुन्हा सुरू झाली की तिला वाटतं आपण कित्येक वर्षं मागे आहोत. क्लस्टरमधले सगळे जण एकमेकांना सर्टिफिकेट दाखवून ओळखतात, आणि त्या सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. मागच्या दशकात जगणाऱ्या मशीनला आजचं सर्टिफिकेट 'अजून सुरूच न झालेलं' दिसतं आणि ती कोणालाच घरात घेत नाही. मी यात एक अख्खी रात्र घालवली. सकाळी गावातल्या घड्याळजीकडून सेल आणला आणि प्रश्न मिटला.

आता कुबेएडीएम नावाच्या अवजारानं पहिल्या मशीनवर एक आज्ञा द्यायची. ते सर्टिफिकेटं बनवतं, हजेरीवही उघडतं, खिडकी सुरू करतं आणि शेवटी एक लांबलचक ओळ छापतं. ती ओळ दुसऱ्या मशिनींवर चालवली की त्या क्लस्टरमध्ये सामील होतात. त्या ओळीतलं टोकन २४ तासच चालतं. शुक्रवारी कागदावर उतरवून सोमवारी वापरू नका.

मशिनी सामील झाल्या तरी 'तयार नाही' असंच दिसत राहतं. इथे पुष्कळ जण घाबरून सगळं पुसतात. घाबरायचं कारण नाही, नेटवर्क अजून घातलेलंच नाही. कुबरनेटीसमध्ये प्रत्येक पॉडला, म्हणजे एकत्र राहणाऱ्या बिऱ्हाडांच्या खोलीला, स्वतःचा आयपी पत्ता मिळतो, पण ते रस्ते बांधायचं काम त्यानं दुसऱ्यांवर सोडलं आहे. फ्लॅनेल, कॅलिको, सिलियम यांपैकी एक निवडून घालावं लागतं. माझी फजिती इथेच झाली. कॅलिकोची ठरलेली पत्त्यांची वस्ती १९२.१६८ नं सुरू होते. ऑफिसातला साधा राउटरही पत्ते १९२.१६८ चेच देतो. झालं असं की पॉडकडून प्रिंटरला हाक जायची, पण प्रिंटरचं उत्तर परत येईना, कारण त्याला तो पत्ता माहीतच नाही. एकाच नावाची दोन गावं आणि पोस्टमन एक. उभारणीआधी कागदावर लिहून काढा: ऑफिसचे पत्ते कोणते, पॉडचे कोणते, सेवांचे (पॉड बदलले तरी न बदलणारे, त्यांच्या पुढ्यातले पत्ते) कोणते. तिन्ही वेगळे हवेत. नंतर बदलणं म्हणजे जवळपास पुन्हा उभारणं.

पुढचा प्रश्न दाराचा, म्हणजे बाहेरून आलेली मागणी आत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरचा. क्लाउडवर 'मला लोड बॅलन्सर दे' असं लिहिलं की दोन-तीन मिनिटांत बाहेरून आत यायचा पत्ता मिळतो. स्वतःच्या जागेत तेच लिहिलं तर 'प्रतीक्षेत' असं दिसत राहतं, दिवस गेले तरी. देणारा कोणी नाहीच ना! तिथे मेटलएलबीसारखं काही बसवावं लागतं. ऑफिसच्या नेटवर्कमधले चार-पाच पत्ते त्याच्या हवाली करायचे. तो पत्ता एका मशीनच्या नावानं पुकारला जातो, आणि ती मेली की दुसरी पुकारते.

साठवणीचं दुखणं सगळ्यात मोठं, आणि मी तिथे पळवाट काढली हे कबूल करतो. पॉड एका मशीनवरून दुसरीवर गेला तरी त्याचा डेटा पहिलीच्याच डिस्कवर राहतो. लाँगहॉर्न किंवा सेफसारख्या व्यवस्था डेटाच्या प्रती वेगवेगळ्या मशिनींवर ठेवतात, पण त्या सांभाळायला वेगळा माणूस लागेल इतकं त्यांचं काम असतं. तालुक्याच्या ठिकाणी तो माणूस कुठून आणायचा? मी डेटाबेस क्लस्टरबाहेर, चौथ्या मशीनवर ठेवला. शुद्ध विचारांच्या मंडळींना हे आवडणार नाही. चालेल.

आणखी एक गाठ होती, ती कोणत्याच पुस्तकात नव्हती. काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची सिरियल केबल एकाच मशीनच्या मागे खोचलेली. मुकादमानं वजनाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर पाठवलं तर तिथे केबलच नाही! शेवटी त्या केबलला नेटवर्कवर आणणारा एक छोटा कन्व्हर्टर लावला, तेव्हा काट्याचा आकडा कोणत्याही मशीनला वाचता आला. कुबरनेटीसला प्रत्येक मशीन सारखी हवी असते. तुमच्याकडचं यंत्र एकाच मशीनला बांधलेलं असेल, तर आधी ती दावण सोडवा.

क्लाउडचं गणित बिछायत केंद्रासारखं आहे. लग्नासाठी कोणी शंभर गाद्या, गंज, कढया आणि मांडव विकत घेत नाही. बिछायत केंद्रातून आणतो, दोन दिवसांनी परत करतो. गंज चेपला असेल तर त्यांनी बदलून द्यायचा. अॅमेझॉनचं ईकेएस, गूगलचं जीकेई, मायक्रोसॉफ्टचं एकेएस ही या धंद्यातली मोठी केंद्रं. मुकादम, त्याची हजेरीवही, तिच्या प्रती, सगळं तेच सांभाळतात. तुम्हाला फक्त खिडकी दिसते. ईकेएसमध्ये या नुसत्या मुकादमाचे तासाला १० सेंट लागतात, म्हणजे महिन्याला ७२-७३ डॉलर. कामाच्या मशिनींचं भाडं वेगळं. एकेएसमध्ये मुकादम फुकट मिळण्याचीही सोय आहे, मात्र चालू राहण्याच्या पैशातल्या हमीशिवाय.

अॅमेझॉनची मुंबईतली केंद्रं २०१६ पासून आहेत, हैदराबादची २०२२ पासून. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या माणसाला नकाशावर हैदराबाद जवळ वाटेल, पण इंटरनेटची वाट नकाशा बघून जात नाही. दोन्हीकडे मोजून बघा आणि मग ठरवा.

भाड्यानं घेतलं म्हणून काम संपत नाही. खासगी नेटवर्क आखावं लागतं, त्याचे तुकडे वेगवेगळ्या झोनमध्ये पाडावे लागतात. झोन म्हणजे वीज-पाणी वेगळं असलेली इमारत किंवा इमारतींचा समूह, आपल्या तीन वेगळ्या यूपीएसचा मोठा भाऊ. कोणाला कशाची परवानगी हे लिहावं लागतं. कामाच्या मशिनी किती, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, हे सांगावं लागतं. ती जास्तीत जास्तची ओळ विसरू नका. गर्दी वाढली की मशिनी आपोआप वाढणं ही क्लाउडची खरी गंमत आहे, आणि बिल आपोआप वाढणं हे त्याच गमतीचं दुसरं टोक.

एकदा मी प्रयोगाचं क्लस्टर पुसलं आणि निश्चिंत झालो. महिन्याअखेरीस बिल आलंच. मुकादम गेला होता, पण त्यानं मागवलेला लोड बॅलन्सर आणि डिस्क तिथेच होत्या. मांडव परत गेला, जनरेटर अंगणात सुरूच. आधी आतल्या सेवा पुसायच्या, मग क्लस्टर. आणि आवृत्ती जुनी होऊ द्यायची नाही. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात, प्रत्येकीला साधारण १४ महिने आधार मिळतो. ईकेएसमध्ये मुदत उलटलेली आवृत्ती तशीच चालवली तर तासाचे १० सेंट जाऊन ६० होतात.

स्वतःच्या जागेत आवृत्ती जुनी ठेवल्याचा दंड वेगळ्या प्रकारे भरावा लागतो. कुबेएडीएमनं बनवलेली बहुतेक सर्टिफिकेटं एक वर्षाची असतात. आवृत्ती वाढवली की ती नवी होतात, हात न लावल्यास संपतात. दिवाळीत उभं केलेलं क्लस्टर पुढच्या दिवाळीत, नेमक्या हंगामाच्या तोंडावर, तुमची एकही आज्ञा ऐकत नाही. चालू असलेले पॉड चालतात, पण मशीन पडली तर तिच्यावरचे पॉड दुसरीकडे उठत नाहीत. मी हे एका पतसंस्थेत भोगलं आहे आणि चूक पूर्णपणे माझी होती. आता कॅलेंडरवर पोळ्याच्या दिवशी लाल खूण असते: सर्टिफिकेटं.

हातानं केलेलं सगळं हातालाच माहीत असतं. म्हणून उभारणी लिहून ठेवायची, आणि मशीनला वाचता येईल अशी लिहायची. क्लाउडच्या बाजूला टेराफॉर्म हे त्याचं अवजार. हॅशीकॉर्प कंपनीनं २०१४ मध्ये आणलं. २०२३ मध्ये त्यांनी परवान्याच्या अटी आवळल्या, तेव्हा काहींनी जुन्या खुल्या प्रतीवरून ओपनटोफू सुरू केलं. फाईलमध्ये लिहायचं: एवढं नेटवर्क, एवढ्या मशिनी, हे क्लस्टर. ते आधी इस्टिमेट देतं, 'बारा गोष्टी नव्या होतील, एक पुसली जाईल', आणि तुम्ही हो म्हटल्यावर कामाला लागतं. त्या इस्टिमेटमधली 'पुसली जाईल' ही ओळ दोनदा वाचा. काय काय उभं केलं याची नोंद ते एका फाईलमध्ये ठेवतं. ती फाईल हरवली तर त्याला आपणच बांधलेलं घर ओळखू येत नाही. म्हणून ती लॅपटॉपवर ठेवायची नाही.

जागेवरच्या मशिनींसाठी अॅन्सिबल बरं पडतं. ते एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनला सुरक्षितपणे आज्ञा द्यायच्या वाटेनं, प्रत्येक मशीनवर जातं, स्वॅप बंद आहे का बघतं, नसेल तर करतं, असेल तर पुढे जातं. तीच फाईल दहा वेळा चालवली तरी दहावेळा तोडफोड होत नाही. घड्याळ बरोबर आहे का, हा माझ्या फाईलमधला पहिला मुद्दा आहे.

सगळं समजून घेतल्यावर मुनीमजींच्या मुलानं विचारलं, की मग दोन मशिनी इथे आणि एक क्लाउडवर असं एकच क्लस्टर का नको? विचार चांगला, पण हजेरीवहीच्या प्रती एकमेकींना सेकंदाच्या दहाव्या भागाला हाक मारतात, आणि एक सेकंद उत्तर आलं नाही की म्होरक्या मेला असं समजतात. आमच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे. जेसीबीनं केबल तोडली की इंटरनेट तासन्‌तास नसतं. अशा वायरीवर एकच संसार मांडता येत नाही. दोन वेगळी घरं करावीत: जिनिंगमधलं क्लस्टर काटा आणि पावती सांभाळेल, मग इंटरनेट असो नसो. हिशेब, अहवाल, शेतकऱ्यांना जाणारे मेसेज क्लाउडवर. नेट आलं की डेटाबेसची प्रत वर जाते.

जिनिंगसाठी आम्ही केथ्रीएस निवडलं. कुबरनेटीसचंच हलकं रूप, २०१९ मध्ये रँचर लॅब्सनं आणलेलं, शंभर एमबीपेक्षा लहान एकच फाईल. फ्लॅनेल त्यात आधीच असतं. सर्टिफिकेटांची मुदत जवळ आली असेल तर पुन्हा सुरू होताना ते स्वतःच नवी करून घेतं. लाईट जाण्याचा आजवर मला सापडलेला हा एकमेव फायदा. बिऱ्हाडांच्या फाईली आधीच मशिनींवर आणून ठेवल्या. नाहीतर नेट नसताना पडलेला पॉड दुसरीकडे उठायला जातो आणि सामान आणायला बाहेरचा रस्ताच नसतो.

खरं सांगायचं तर एका काट्यासाठी एवढा घाट घालायलाच हवा होता असं नाही. एक चांगली मशीन, एक जोडीला तयार ठेवलेली, आणि रोजचा बॅकअप, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मी मुनीमजींना तसं सांगितलंही. पण शेठजींच्या आणखी दोन जिनिंग होत्या, तिथेही हेच जसंच्या तसं हवं होतं, आणि लिहून ठेवलेली उभारणी तिथे एका दुपारीत होते. तेव्हा घाट पटला.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काट्यावर गाडी नसताना आम्ही एका मशीनचा प्लग काढला. पावतीची एकच प्रत चालू होती आणि ती नेमकी त्याच मशीनवर. मुनीमजी घड्याळ बघत उभे. पाऊण मिनिटानं मुकादमाला कळलं की मशीन गप्प आहे. पण पॉड हलवण्याआधी तो आणखी पाच मिनिटं थांबतो, न जाणो परत आली तर. ठरलेली रीतच तशी आहे.

"सहा मिनिटं?" मुनीमजी म्हणाले. "सहा मिनिटांत इथं बोंब होते, भाऊ."

पाच मिनिटांचा आकडा तीस सेकंदांवर आणला. पावतीच्या दोन प्रती केल्या आणि दोन्ही एकाच मशीनवर बसायच्या नाहीत अशी अट घातली. पुन्हा प्लग काढला. पहिल्यांदा बटन दाबलं, पावती अडकली. मुनीमजींनी पुन्हा दाबलं, निघाली. त्यांनी ती फाडून हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली.

"दोनदा दाबा लागते म्हना," ते म्हणाले, आणि आत जाऊन काट्यावर बसणाऱ्या पोराला तसं सांगून आले.